शिशाची गोळी आणि तिचे वेष्टण

शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. म्हणजे घरच्या चुलीवर, लोखंडी पळीतही त्याचा रस करता येतो. पाण्याच्या अकरा पटींहून जड असल्यामुळे लहानशा गोळीत मोठे वजन मावते आणि मऊ असल्यामुळे ती गोळी बंदुकीच्या नळीत नीट बसते. पाचशे वर्षे गोळीसाठी शिसे वापरले गेले ते या गुणांमुळे. पण मऊपणा हाच त्याचा दोषही आहे. नळीतून वेगाने जाताना शिसे घासते, तापते आणि त्याचा पातळ थर आतल्या पोलादाला चिकटून बसतो. काही बार झाले की नळी माखते, नेम चुकू लागतो आणि पुढची गोळी अडते. म्हणून शिसे आणि पोलाद यांच्यामध्ये काहीतरी घालावे लागले. आधी चिंधी आली, मग कागद, चरबी, मेण, तांबे आणि आता रासायनिक लेप. या वेष्टणाचा इतिहास मराठी मुलखाला चांगलाच भिडलेला आहे. गोळी भरणारा हात आणि ती उडवणारा हात एकाच माणसाचे असावेत की नाहीत, हा प्रश्नही त्यात पहिल्यापासून गुंतलेला आहे.

गोदावरी आणि दुधना यांच्या मधला सेलू, पाथरी, परभणीचा पट्टा अठराव्या शतकात निजाम आणि पेशवे यांच्या ओढाताणीतला मुलूख होता. उदगीरची लढाई ३ फेब्रुवारी १७६० ची, गोदाकाठच्या राक्षसभुवनाची १० ऑगस्ट १७६३ ची आणि खर्ड्याची ११ मार्च १७९५ ची. तिन्ही लढाया आजच्या मराठवाड्यात किंवा त्याच्या वेशीवर झाल्या. या लढायांत तोफा आणि घोडदळ यांचे नाव मोठे झाले, तरी तोड्याच्या बंदुका घेतलेले पायदळ दोन्ही बाजूंना होते. त्यातला बंदूकची आपले काम बहुतेक स्वतःच करत असे. दोन पाखांचा साचा घट्ट धरून त्यात वितळलेले शिसे ओतायचे, निवाल्यावर साचा उघडायचा, गोळीला राहिलेली शेपटी सुरीने कापायची. दारू शिंगात, गोळ्या बटव्यात, तोडा हाताला गुंडाळलेला. बार भरायचा तर शिंगातली दारू अंदाजाने नळीत ओतायची, वर गोळी टाकायची, गजाने ठासायची, कानाशी रंजक, म्हणजे पेट घेणारी दारू, घालायची आणि पेटता तोडा खाली आणायचा. गोळी नळीपेक्षा थोडी लहानच ठेवलेली असे, म्हणून ती चिंधीत किंवा वाखात गुंडाळून ठासत. त्या चिंधीने फट बुजे, दारूचा वायू वाया जात नसे आणि शिसे नळीला घासत नसे. शिशाच्या गोळीचे पहिले वेष्टण हेच.

या कामाला सवय लागे आणि वेळही. एका बारानंतर दुसरा बार भरेपर्यंत शत्रूचा घोडेस्वार अंगावर येऊन ठेपायचा. तरी या पद्धतीत एक मोठी गोष्ट होती. गोळीत काय आहे, दारू कोरडी आहे की दमट, चिंधी कशाची आहे, हे ज्याच्या खांद्याला बंदूक लागणार त्यालाच पक्के ठाऊक असे. शिसे मात्र बहुतांशी समुद्रापलीकडून येई. युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या वखारींत विकल्या जाणाऱ्या मालात शिसे हा नेहमीचा जिन्नस होता. दारूच्या साठवणीकडे मराठी राज्यकर्त्यांचे लक्ष किती बारीक होते ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसते. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून उन्हात वाळवावी आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी, असे त्यात हवालदाराला बजावले आहे. पुढे थोरल्या माधवरावांच्या काळात जुन्नर प्रांतात आंबेगव्हाण येथे तोफेच्या गोळ्यांचा कारखाना निघाला. बंदुकीच्या गोळीची गोष्ट मात्र वेगळी राहिली. ती छावणीतल्या चुलीवर पडत राहिली.

गारद्यांनी, म्हणजे कवायती पायदळाने, यात बदल घडवला. इब्राहिमखान गारदी निजामाकडून मराठ्यांकडे आला तो फ्रेंच पद्धतीने कवायत केलेले पायदळ घेऊनच. या पायदळाच्या कमरेला तोसदान असे आणि त्यात कागदी पुड्या. एका पुडीत मोजून घेतलेली दारू आणि एक गोळी. शिपाई दाताने पुडी फाडून दारू नळीत ओती आणि उरलेला कागद गोळीसकट ठासून देई. चिंधीची जागा कागदाने घेतली आणि एका मिनिटात दोन-तीन बार काढणे शक्य झाले. हैदराबादेत मिशेल रेमंड या फ्रेंच सरदाराने १७९५ मध्ये तोफा ओतण्याचा कारखाना काढला. आजही शहराच्या त्या भागाला गनफाउंड्री म्हणतात. रेमंड १७९८ मध्ये वारला आणि त्याच वर्षी इंग्रजांनी त्याच्या पलटणी मोडायला लावल्या. त्यांच्या जागी इंग्रज अंमलदारांच्या हाताखालची निजामाची फौज उभी राहिली. पुढे ती हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली आणि तिची एक मोठी छावणी परभणीच्या शेजारी हिंगोलीला होती. १८१९ च्या जानेवारीत हटकरांच्या नौसाजी नाईकाची नोव्हाची गढी याच फौजेने वेढा घालून घेतली. गढीत अरब शिबंदी होती. जुन्या पद्धतीने हाताने भरलेली तोड्याची बंदूक आणि कवायती पलटणीची कागदी पुडी यांची मराठवाड्यातली ही शेवटच्या मोठ्या सामन्यांपैकी एक लढत म्हणावी लागेल. गढीतले बहुतेक लोक कापले गेले. कंटिन्जंटच्या पलटणींनी ‘नोव्हा’ हे नाव पुढे युद्धसन्मान म्हणून निशाणावर मिरवले.

खरी ठिणगी पडली ती १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीने. तोवरची बंदूक आतून गुळगुळीत होती. एन्फिल्डच्या नळीला आतून पिळाच्या खाचा होत्या. गोळी त्या खाचांत रुतून फिरत बाहेर पडावी, तरच ती लांब आणि सरळ जाते. पण खाचांत रुतणारी गोळी तोंडाकडून ठासणे अवघड. म्हणून गोळी लांबट आणि नळीपेक्षा किंचित बारीक केली. दारू पेटली की तिचे मऊ शिशाचे बूड फुगावे आणि खाचांत बसावे, अशी ती युक्ती होती. गोळीचे वजन ५३० ग्रेन, म्हणजे सुमारे ३४ ग्रॅम. ती कागदी पुडीत उलटी ठेवलेली असे. शिपायाने पुडीचे दारूकडचे टोक दाताने तोडायचे, दारू नळीत ओतायची, पुडी उलटी करून गोळीचे टोक नळीच्या तोंडात बसवायचे, वरचा कागद फाडून टाकायचा आणि गोळीभोवतीच्या कागदासकट ती गजाने खाली दाबायची. हा कागद कोरडा असला तर अडतो, आणि दोन-चार बारांनंतर नळीत साचलेल्या काजळीमुळे गोळी खाली जातच नाही. त्यासाठी पुडीचा गोळीकडचा भाग चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवून काढत. विलायतेत ठरलेल्या मिश्रणात चरबीचाच भाग मोठा होता आणि ती चरबी कोणत्या जनावराची असावी, याबद्दल कंत्राटदाराला नीट बंधन घातलेले नव्हते.

१८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या डमडम येथे या पुड्यांत गाईची आणि डुकराची चरबी असल्याची बातमी फुटली. सरकारने घाईने उपाय केले. शिपायांनी आपल्या पुड्यांना आपल्या पसंतीचे मेण आणि तेल किंवा तूप लावावे, अशी मुभा दिली. पुडी दाताऐवजी बोटांनी फाडावी, असा बदल कवायतीत केला. पण संशय एकदा बसला की तो जागा बदलतो. चरबीचा प्रश्न सुटतोय असे वाटेपर्यंत शंका कागदावर आली, कारण नवा कागद चकचकीत होता आणि त्या चकाकीतही चरबी असावी असे लोक म्हणू लागले. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली, तेव्हा त्यांना द्यायची होती ती जुन्या पद्धतीची, चरबी न लावलेली काडतुसे होती. २९ मार्चला बराकपुरात मंगल पांडे उठला. २४ एप्रिलला मेरठमध्ये ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसांना हात लावायला नकार दिला. ९ मेला त्यांना भर कवायतीत बेड्या ठोकल्या आणि १० मेला मेरठ पेटले.

यातल्या तंत्राकडे लक्ष दिले की एक गोष्ट उघड दिसते. पुडी तयार करणारा हात आता शिपायाच्या ओळखीचा राहिला नव्हता. ती कुठल्याशा शस्त्रागारात बनून, बांधून, मोजून येत होती. आत काय आहे हे सांगणारा एकच आवाज होता, सरकारचा, आणि त्या आवाजावर कोणाचा विश्वास उरला नव्हता. १८५७ च्या उठावाला जमिनीची, पगाराची, राज्ये बुडाल्याची अनेक कारणे होती आणि ती चरबीपेक्षा कितीतरी मोठी होती. तरी सगळा राग गोळीच्या बोटभर वेष्टणाभोवती गोळा झाला यात नवल नाही. ते वेष्टण शिपायाच्या ओठांना लागणार होते आणि त्यावर त्याचा ताबा नव्हता.

मराठी मुलखात उठाव उत्तरेइतका पसरला नाही, पण तो इथेही लागला. जूनमध्ये औरंगाबादेत हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या घोडदळाने बंड केले. तिथे काडतूस हे कारण नव्हते, दिल्लीच्या बादशहाविरुद्ध कूच करायला लावतील ही भीती होती. जनरल वुडबर्नच्या फौजेने ते मोडून काढले. १७ जुलैला हैदराबादेत तुर्रेबाझखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर चाल झाली. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने उठाव केला. पुढच्या काळात सैन्यासाठीच्या मिश्रणात चरबी मागे पडून मधमाश्यांचे मेण पुढे आले. पण त्याहून मोठा परिणाम दुसरीकडे झाला. गोळी भरण्याचा हक्कच हळूहळू हातातून गेला.

त्या काळात इंग्रज अंमलदाराच्या कमरेला जे रिव्हॉल्व्हर असे, त्याचीही गोळी हातानेच भरावी लागे. सॅम्युअल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले आणि १८५१ पासून इंग्लंडात अॅडम्सचे रिव्हॉल्व्हर मिळू लागले. फिरत्या पेटीत पाच-सहा कोठे. प्रत्येक कोठ्यात समोरून दारू ओतायची, वर किंचित मोठी गोळी ठेवून दट्ट्याने दाबायची. दाबताना शिशाचा पातळ वेढा कापला जाऊन गोळी घट्ट बसे. मागच्या बोंडीवर ठिणगी देणारी टोपी चढवायची. शेवटी प्रत्येक कोठ्याच्या तोंडावर चरबी किंवा मेण लिंपायचे. त्याची दोन कामे होती. एक म्हणजे नळीतली काजळी मऊ राहावी. दुसरे, एका कोठ्याची ज्वाळा शेजारच्या कोठ्यात शिरून सगळे बार एकदम उडू नयेत. रिव्हॉल्व्हरची गोळी आणि तिच्यावरचा लेप यांची सोबत तेव्हापासूनची आहे.

१८६६ मध्ये वुलिच येथील कर्नल एडवर्ड बॉक्सरने स्नायडर रायफलीसाठी धातूचे काडतूस सिद्ध केले. गोळी, दारू आणि ठिणगी देणारी टोपी एकाच पितळी कोशात. त्याच्या बुडातली बॉक्सरची टोपी आजही जगभर वापरात आहे आणि उडालेले काडतूस पुन्हा भरण्याची सगळी कला तिच्यावरच उभी आहे, कारण तिच्यातली खर्ची टोपी सरळ काठीने मागे ढकलून काढता येते. १८७१ च्या मार्टिनी-हेन्री रायफलीत ४८० ग्रेनची गोळी कागदात गुंडाळलेली असे आणि तिच्यामागे मेणाची चकती. म्हणजे कागद आणि मेण ही जुनी जोडी धातूच्या काडतुसातही टिकून राहिली. फक्त आता ती कोशाच्या आत बंद झाली होती आणि शिपायाला तिला हात लावण्याचे कारण उरले नव्हते.

अशी काडतुसे करायला यंत्रे लागतात. पितळेचा पत्रा दाबून टप्प्याटप्प्याने ओढत नळीसारखा कोश करणे, मधूनमधून तो तापवून मऊ करणे, टोपीतले स्फोटक द्रव्य भरणे, ही कामे चुलीवर होत नाहीत. १८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. याच खडकीवर ५ नोव्हेंबर १८१७ ला पेशव्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली होती. बावन्न वर्षांनी त्याच माळावर मराठी कामगार इंग्रज सरकारसाठी काडतुसे भरू लागले. गोळी भरण्याचे कसब मराठी हातांतून गेले नाही. गेला तो त्या गोळीवरचा हक्क.

तो हक्क कायद्यानेही गेला. उठावानंतर लगेच शस्त्रे काढून घेण्याचे कायदे झाले, आणि १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्र कायदा आला. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे, बनवणे, विकणे आणि दारूगोळा तयार करणे गुन्हा ठरले. युरोपीयांना त्यातल्या जाचक तरतुदींतून सूट होती. हा भेद इथल्या लोकांना झोंबला. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेस या कायद्याविरुद्ध ठराव करत राहिली. साचा, शिंग, गज, रंजक हे शब्द बोलीतून हळूहळू मागे पडले.

क्रांतिकारकांच्या हकिगतींत याचा परिणाम स्पष्ट दिसतो. १९०९ मध्ये लंडनहून विनायक दामोदर सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुले पेटीच्या दुहेरी तळात दडवून पाठवली. त्यांतल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर गोळ्या झाडल्या. आजोबांच्या पिढीत ज्या मुलखात गावोगाव गोळ्या पडत होत्या, तिथे आता शस्त्र आणि काडतूस दोन्ही समुद्रापलीकडून चोरून आणावे लागत होते.

जगात तोवर गोळीने तांब्याचा अंगरखा घातला होता. १८८२ मध्ये स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशावर तांब्याचे कवच चढवले. धूर न करणाऱ्या नव्या दारूने गोळीचा वेग इतका वाढला की उघडे शिसे किंवा मेणकागद टिकेना. ब्रिटिशांची .३०३ गोळी कवचाचीच होती. तिचे टोक उघडे ठेवून डमडमला जी फुलणारी गोळी काढली, तिच्यामुळे १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा झाला. रिव्हॉल्व्हर मात्र शिशालाच धरून राहिले. वेब्लीच्या .४५५ काडतुसात २६५ ग्रेनची उघड्या शिशाची गोळी असे. तिचा वेग कमी होता, म्हणून खाचांत भरलेले वंगण पुरत असे. पुढच्या .३८ वेब्लीची २०० ग्रेनची शिशाची गोळीही दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हेगच्या जाहीरनाम्याच्या धास्तीने काढून १७८ ग्रेनची कवचाची गोळी घेण्यात आली.

मग जोरदार रिव्हॉल्व्हर आले. १९३५ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम बाजारात आणले. त्याची १५८ ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेगाने सुटे, वेब्लीच्या दुपटीहून जास्त. गोळी साध्या शिशाची होती आणि जी भीती होती तेच झाले, नळ्या शिशाने माखू लागल्या. तिकडे आपले काडतूस आपण भरण्याची प्रथा कायदेशीर आणि जुनी होती. आयडाहोचे गुरेपालक एल्मर कीथ यांच्यासारख्या लोकांनी घरच्या बाकावर यावर वर्षानुवर्षे काम केले. शिशात कथील आणि अँटिमनी मिसळून गोळी कडक केली, तिला खोल वंगणखाच दिली. काहींनी गोळीच्या बुडाला तांब्याची छोटी वाटी बसवली, म्हणजे तापलेला वायू शिशाला थेट चाटत नाही. १९५५ च्या अखेरीस आलेले .४४ मॅग्नम हे कीथ यांच्या या खटाटोपाचे फळ. एक गोष्ट त्यांच्या पिढीला अनुभवाने कळली की गोळी नुसती कडक करून भागत नाही. ती नळीच्या मापाला अचूक बसली नाही तर कडक शिसेही वितळून माखते, कारण फटीतून निसटणारा वायूच खरा अपराधी असतो. तोड्याच्या बंदुकीतल्या चिंधीचे काम नेमके ही फट बुजवण्याचेच होते.

गेल्या काही दशकांत मेणाची जागा रासायनिक लेपाने घेतली आहे. ऑस्ट्रेलियात निघालेला हाय-टेक हा रंगीत लेप शिशाच्या गोळ्यांवर चढवून भट्टीत भाजतात. सायकलीच्या किंवा कपाटाच्या पत्र्याला देतात तसल्या पावडरीच्या रंगानेही काही जण गोळ्या मढवतात. लेप नीट भाजला गेला तर गोळी हातोडीने चेपली तरी तो सुटत नाही. नळी स्वच्छ राहते, मेणाचा धूर होत नाही आणि बार करणाऱ्याच्या श्वासात जाणारे शिसे कमी होते. हा शेवटचा फायदा सर्वांत मोलाचा आहे. बंद चांदमारीच्या जागेत रोज सराव करणाऱ्यांच्या आणि शिसे वितळवणाऱ्यांच्या रक्तात ते साचते, मज्जासंस्था आणि मूत्रपिंडे बिघडवते, आणि हातांवरून, कपड्यांवरून घरातल्या लहान मुलांपर्यंत पोचते. जुन्या काळी साच्यावर वाकलेल्या बंदूकचीला हे कोणी सांगितले नव्हते.

निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे सगळे फार दूरचे होते. १९०० मध्ये मनमाडहून निजामाची गोदावरी खोऱ्याची रेल्वे आली, परतूर, सेलू, मानवत रोड ही स्थानके झाली आणि सेलू कापसाची पेठ म्हणून वाढले. गावोगावच्या देशमुखांकडे, जहागीरदारांकडे ठासणीच्या बंदुका होत्या. हरणांचे कळप आणि रानडुकरे पिकांत शिरत, त्यांच्यासाठी छऱ्याचे बार भरले जात. सामान्य रयत निःशस्त्र होती.

१९४७ च्या ऑगस्टनंतर ही विषमता जीवघेणी ठरली. ७ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्यासाठी लढा पुकारला. २९ नोव्हेंबरला निजामाने भारत सरकारशी जैसे थे करार केला, पण निजामाच्या बाजूचे, कासिम रझवीचे रझाकार गावागावांत मोकाट सुटले. त्यांच्यातल्या थोड्यांकडे नव्या बंदुका होत्या आणि बऱ्याच जणांकडे ठासणीच्या बंदुका, तलवारी, भाले. निःशस्त्र गावाला तेवढेही पुरेसे होते. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालच्या कृती समितीने राज्याच्या सीमेवर शिबिरे उघडली. मराठवाड्यासाठीची शिबिरे वऱ्हाड, नगर, सोलापूर अशा लगतच्या भागांत होती, आणि उमरखेड हे त्यांतले महत्त्वाचे ठिकाण होते. ३० जानेवारी १९४८ ला उमरी येथील बँकेवर घातलेला छापा या लढ्यातला गाजलेला प्रसंग. शिबिरांपुढची रोजची अडचण काडतुसांची होती. बंदूक एकदा मिळाली की ती वर्षभर चालते, काडतूस एकदाच उडते. ते बनवण्याची विद्या आणि साहित्य सत्तर वर्षांच्या बंदीनंतर फारसे कोणाजवळ उरले नव्हते.

गंमत नव्हे, पण हीच टंचाई निजामालाही होती. भारताने शस्त्रपुरवठा थांबवल्यावर सिडनी कॉटन या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने कराचीहून रात्रीच्या विमानांनी हैदराबाद राज्यातल्या बिदर, वरंगळसारख्या धावपट्ट्यांवर शस्त्रे आणि दारूगोळा उतरवला. पुढे इंग्लंडात त्याला या चोरट्या वाहतुकीबद्दल २०० पौंड दंड झाला. एवढी विमाने येऊनही निजामाच्या फौजेची भूक भागली नाही. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूने मुख्य आणि इतर दिशांनी दुय्यम तुकड्या घेऊन आत शिरले. औरंगाबाद, जालना हाती आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली आणि १८ तारखेला जनरल एल एद्रूस यांनी जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. सेलू, परभणीसह मराठवाडा मोकळा झाला.

स्वतंत्र भारताने १९५९ मध्ये नवा शस्त्रास्त्र कायदा केला. गोरा-काळा भेद गेला, पण दारूगोळा बनवण्यावरचा सरकारी ताबा तसाच राहिला, आणि फाळणी, रझाकार यांचा ताजा अनुभव घेतलेल्या देशात तो राहणे योग्यच होते. खडकीच्या जोडीला जळगाव जिल्ह्यात वरणगावला काडतुसांचा कारखाना उभा राहिला. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे दोन्ही कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत. परवानाधारक नागरिकाला सहसा मिळते ते कानपूरला बनलेले .३२ चे रिव्हॉल्व्हर. त्याच्या काडतुसाची रचना १८९६ ची, गोळी ९८ ग्रेनच्या आसपासची शिशाची, वेग मॅग्नमच्या निम्म्याहून कमी. खडकीची अशी काडतुसे बुडावरच्या ‘केएफ’ या अक्षरांवरून ओळखता येतात. इतक्या मंद गोळीला साधे वंगण पुरते. अमेरिकेतल्या छंदिष्टाला रासायनिक लेपाची जी गरज पडते, ती इथे निर्माणच होत नाही.

रिकामा कोश घरी पुन्हा भरण्याची तर इथे मोकळीकच नाही. कायद्याच्या व्याख्येत दारूगोळा म्हणजे नुसते तयार काडतूस नव्हे, त्याचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रेही त्यात येतात. परवान्याविना दारूगोळा बनवण्याची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवण्यात आली. हाताने गोळी भरण्याची जी एक वाट कायद्याने उघडी ठेवली आहे ती शेतकऱ्यासाठी आहे. १९५९ च्या कायद्याच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबल्यापासून अशी बंदूक रानडुकराला मारण्यापेक्षा बार काढून हुसकावण्यासाठीच जास्त वापरली जाते. ज्याच्याकडे ती आहे तो आजही दारू मोजतो, वर बोळा घालतो आणि गजाने ठासतो.